बकुळीची सावली आणि हॉकीचे मैदान

सहकुटुंब सहल : जबलपूर

सहलीला निघालेल्या कुटुंबात जितकी माणसे असतात, तितक्या सहली मनोमन आखल्या जात असतात. मुलांना पाणी आणि नाव हवी असते. घरधन्याला प्रेक्षणीय स्थळांची यादी पुरी करावयाची असते. गृहिणीला एक दिवस तरी चुलीपासून दूर राहावयाचे असते. आणि घरातील वृद्ध माणसाला काय हवे आहे, हे बहुधा कोणी विचारीतच नाही. एका डिसेंबरात आम्ही नागपूरहून सिवनीच्या वाटेने जबलपूरला गेलो, तेव्हा आमच्या हातूनही हीच चूक व्हावयाची होती. ती टळली, आणि त्यामुळे जो दिवस पदरात पडला, त्याची हकीकत वाचकांस सांगावी असे वाटते.

पहिला दिवस भेडाघाटात गेला. संगमरवरी कड्यांमधून नर्मदेच्या पात्रात केलेली नावेची फेरी आणि धुवाँधारचे तुषार यांविषयी आजवर इतके लिहिले गेले आहे, की येथे पुनरुक्ती करीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मदनमहालाच्या टेकडीवर जाण्याचे ठरत होते. तोच आई म्हणाली, "तुम्ही सगळे जाऊन या. मला फक्त सिव्हिल लाइन्समधून एकदा पायी हिंडायचे आहे."

आईने पंचाहत्तरी ओलांडली आहे. तिचे बालपण या गावात गेले, हे आम्हांस ठाऊक होते. परंतु ठाऊक असणे निराळे आणि ध्यानात असणे निराळे. आमचे आजोबा, म्हणजे आईचे वडील अप्पा, नागपूरच्या उच्च न्यायालयात कारकून होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर आणि विदर्भ तेव्हाच्या द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, नव्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळला झाली आणि उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरला आले. नकाशावर एक रेघ ओढली गेली म्हणजे किती घरांतील भांडीकुंडी बांधली जातात, याची नोंद इतिहासाच्या पुस्तकांत नसते. अप्पा कचेरीबरोबर जबलपूरला आले. आई तेव्हा आठ वर्षांची होती. घरात मराठी, दारात हिंदी आणि अंगणात दोहोंची मिसळ अशी तिची बारा वर्षे या गावात गेली. पुढे लग्न होऊन ती पुन्हा नागपूरला आली.

मदनमहालाचा बेत रहित झाला आणि आम्ही सारे तिच्यामागून निघालो.

सिव्हिल लाइन्स हे नाव नागपूरच्या माणसाला नवे नाही. दिल्ली आणि अलाहाबाद येथेही याच नावाच्या वस्त्या आहेत. इंग्रजी अमदानीत लष्कराची छावणी एकीकडे आणि मुलकी अधिकाऱ्यांचे बंगले दुसरीकडे अशी विभागणी असे. त्या मुलकी वस्तीचे हे नाव. अलाहाबादेकडून येणारा लोहमार्ग १८६७ साली जबलपूरपर्यंत पोहोचला आणि ७ मार्च १८७० रोजी मुंबईकडील मार्ग त्याला येऊन मिळाला. त्या दिवसापासून मुंबई आणि कलकत्ता ही दोन महानगरे रेल्वेने जोडली गेली, आणि त्यांना जोडणारा सांधा होता जबलपूर. साहजिकच रेल्वे, कचेऱ्या आणि छावणी यांच्या आधाराने हे गाव वाढले. रुंद रस्ते, मोठाली आवारे आणि रस्त्यावर कमान धरणारी जुनी झाडे ही त्या काळाची खूण अजून पाहावयास मिळते. नव्या इमारतींनी पुष्कळ आवारे गिळली आहेत, परंतु सकाळच्या उन्हात चिंच आणि कडुलिंब यांच्या सावल्या रस्त्यावर पडल्या, की वस्तीचा जुना चेहरा क्षणभर दिसून जातो.

उच्च न्यायालयाची भव्य इमारत येताच आई थांबली. "अप्पांचा डबा घेऊन मी या फाटकापर्यंत येत असे," ती म्हणाली. "आत जायचे नाही, अशी ताकीद होती." आमच्या धाकट्या चिरंजीवांनी घुमट मोजण्यास प्रारंभ केला. आई मात्र इमारतीकडे पाहत नव्हती; ती फाटकालगतच्या झाडांकडे पाहत होती. तिला हवे असलेले झाड काही सापडले नाही. ती नुसतीच "बरे" म्हणाली आणि चालू लागली.

तेथून आम्ही भँवरताल उद्यानात गेलो. जबलपूरला तलावांचे गाव म्हणतात. एके काळी येथे बावन्न ताल होते असे सांगतात. राणी दुर्गावतीच्या नावाने राणीताल, तिच्या दासीच्या नावाने चेरीताल आणि आधारसिंह या मंत्र्याच्या नावाने आधारताल ही नावे येथील लोकांच्या तोंडी अद्याप आहेत, जरी सर्व ठिकाणी पाणी उरलेले नाही. भँवरतालाच्या नावातही ताल आहे. आज ते उद्यान आहे. शहराच्या मध्यभागी असूनही फाटकाच्या आत पाऊल टाकताच वाहनांचा गोंगाट मागे पडतो. हिरवळीवर पेन्शनर मंडळी उन्हे खात बसलेली असतात, आणि वर झाडांत पोपटांची सभा भरलेली असते.

उद्यानात राणी दुर्गावतीचा गजारूढ पुतळा आहे. चंदेलांच्या घरची ही कन्या गढा-मंडल्याच्या गोंड राजघराण्यात सून म्हणून आली. पती दलपतशाह निवर्तल्यावर अज्ञान पुत्र वीरनारायण याच्या वतीने तिने सुमारे चौदा वर्षे राज्यकारभार पाहिला. अकबराचा सरदार आसफखान चालून आला, तेव्हा ती स्वतः हत्तीवर बसून रणात उतरली आणि २४ जून १५६४ रोजी नर्‍हई नाल्याजवळ धारातीर्थी पडली. तिच्याच नावाचे वस्तुसंग्रहालय उद्यानालगत आहे. तेथील कलचुरिकालीन शिल्पे पाहण्यास तासभर तरी राखून ठेवावा. त्रिपुरी, म्हणजे आजचे तेवर, ही कलचुरींची राजधानी येथून जवळच. १९३९ साली सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेमुळे गाजलेले काँग्रेसचे अधिवेशन त्याच त्रिपुरीच्या नावाने ओळखले जाते.

या उद्यानातील मौलश्रीच्या वृक्षाखाली २१ मार्च १९५३ च्या रात्री आपणांस आत्मज्ञान झाले, असे रजनीश पुढे सांगत असत. ते तेव्हा जबलपुरात तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी होते. त्यामुळे देशोदेशींचे लोक ते झाड पाहावयास येतात. आईला मात्र या झाडाची निराळी ओळख होती. "मौलश्री म्हणजे आपली बकुळ," तिने नातीला सांगितले. "उन्हाळ्यात खाली फुलांचा सडा पडायचा. आम्ही बहिणी ओच्यात वेचून घरी न्यायचो. वाळली तरी तिचा वास जात नाही."

आमची कन्या नववीत आहे. तिने विचारले, "आजी, रोज येत होतीस इथे?"

"दर रविवारी. आम्ही मुली आईबरोबर बागेत यायचो, आणि आमचे दोघे भाऊ अप्पांबरोबर हॉकी पाहायला मैदानावर जायचे."

"तुला नव्हते जायचे मैदानावर?"

आई थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मला खेळायचे होते."

हे वाक्य आम्ही उभ्या आयुष्यात तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. तिच्या वर्गातील दोघी-तिघी मुली हॉकी खेळत. शाळेच्या बाईंनी आईलाही बोलावले होते. पळण्यात ती चपळ होती. तिने घरी विचारले. अप्पा रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "आपल्या घरच्या मुली काठी खांद्यावर टाकून रस्त्याने जायच्या नाहीत. तू आपली अभ्यास कर." विषय तेथेच संपला. पुढे प्रत्येक रविवारी ती बकुळीखाली बसून फुले वेची, आणि भाऊ घरी येऊन कोणी कसा गोल केला याचे वर्णन करीत.

अप्पांना दोष देण्याचे कारण नाही. त्या काळातील पुष्कळ वडील हेच बोलले असते. परंतु त्याच काळी त्याच गावातील काही घरांनी निराळे उत्तर दिले होते, हेही तितकेच खरे. जबलपूरच्या अविनाश कौर सिद्धू यांनी भारताच्या महिला हॉकी संघाचे नेतृत्व केले आणि व्हॉलीबॉलमध्येही देशाचे प्रतिनिधित्व केले. रेल्वेच्या वसाहती, छावणी आणि मिशनरी शाळा यांमुळे या सर्व मुलखात हॉकी फार लवकर रुजली होती. जुन्या मध्यप्रांतातील बिलासपूर येथे १९२७ साली जन्मलेले लेस्ली क्लॉडियस यांनी १९४८, १९५२ आणि १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक आणि १९६० मध्ये रौप्यपदक मिळविले. या गावांत हॉकी हा मोठ्या लोकांचा शौक नव्हता. सायंकाळी गल्लीतील पोरे वाकड्या फांद्या घेऊन तोच खेळ खेळत.

उद्यानातून बाहेर पडलो तो रिक्षावाल्याने सहज सांगितले, की सिव्हिल लाइन्सजवळच्या एका मैदानावर दुपारी दोन शाळांच्या मुलींचा हॉकीचा सामना आहे. आमच्या कन्येने माझ्याकडे पाहिले. मी घड्याळाकडे पाहिले. आई रिक्षात जाऊन बसली होती.

वाटेत जेवण उरकले. त्यावर येथील प्रसिद्ध खव्याची जिलबी झाली. ती रंगाने काळसर, अंगाने जाड आणि पोटाला भारी असते. एकीत दोघांनी समाधान मानावे हे उत्तम.

मैदान साधेच होते. गवत जागोजागी झिजलेले, चुन्याच्या रेघा नुकत्याच मारलेल्या. प्रेक्षक दीडदोनशे असतील; परंतु आवाज हजारांचा होता. एका बाजूस निळ्या गणवेशाच्या मुली, दुसऱ्या बाजूस पिवळ्या. सकाळच्या बागेत आम्ही हळू बोलत होतो. येथे शेजाऱ्याला काही सांगावयाचे तर ओरडावे लागे. धाकटे चिरंजीव, ज्यांना बागेत पंधरा मिनिटांत कंटाळा आला होता, ते आता दोरीला लोंबकळून कोणत्या तरी पक्षाला उत्तेजन देत होते.

ज्या वाचकांनी हॉकी जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. समजून पाहिले म्हणजे खेळाची गोडी दुणावते. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा खेळाडू असतात. स्टिकची एक बाजू सपाट आणि दुसरी गोलट असते, आणि चेंडू फक्त सपाट बाजूनेच खेळावयाचा असतो. डावीकडचा चेंडू उजवीकडे न्यावयाचा तर मनगट झटक्यात वळवून स्टिक उलटी करावी लागते. भारतीय खेळाडूंच्या ज्या मनगटी कौशल्याची जगाने तारीफ केली, त्याचे मर्म येथे आहे. गोलापुढे अर्धवर्तुळाकार रेघ असते. त्या वर्तुळाच्या आतून मारलेला चेंडूच गोल ठरतो. दुरून कितीही जोराने मारला तरी व्यर्थ. म्हणून एकटीने धावून भागत नाही. चेंडू वर्तुळापर्यंत पोहोचविण्यास चार जणींची मिळून मेहनत लागते.

जुन्या स्टिका तुतीच्या लाकडाच्या असत. तुतीचे लाकूड चिवट असते आणि वाफ दिली की वाकते. जालंदर आणि मेरठ या गावांनी हा उद्योग नावारूपास आणला. आता कृत्रिम तंतूंच्या स्टिका आल्या आहेत आणि मोठे सामने कृत्रिम गवतावर होतात. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथम कृत्रिम मैदानावर खेळली गेली, आणि चेंडूची गती इतकी वाढली की खेळाचे तंत्रच पालटले. मातीच्या मैदानावर वाढलेल्या आपल्या खेळाडूंना हा पालट जड गेला, कारण असे मैदान उभारण्यास फार खर्च येतो. आमच्यासमोरच्या मुली मातीवरच खेळत होत्या. चेंडू खळग्यात अडकून भलतीकडे उसळला, की कोणीही कुरकुर न करता त्यामागे धावत सुटे.

मध्यंतरापर्यंत गोल झाला नाही. निळ्यांची गोलरक्षक बेताच्या उंचीची मुलगी होती. पायांवर तिच्या मापापेक्षा मोठे पॅड बांधले होते. चालताना ती जरा हेलकावे खाई. परंतु चेंडू येताच ती अशी आडवी होई, की प्रेक्षकांतून "वाह बेटी" असा गजर उठे. शेवटच्या काही मिनिटांत पिवळ्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. अशा वेळी गोलरक्षकासह पाच जणींनीच गोलरेषेवर उभे राहून बचाव करावयाचा असतो. बाकीच्यांना मध्यरेषेपलीकडे जावे लागते. मैदान एकदम शांत झाले. चेंडू आला, थांबविला गेला, मारला गेला. गोलरक्षकाने तो पायाने परतविला, आणि परत आलेला चेंडू दुसऱ्या मुलीने कोपऱ्यात सरकविला. पिवळ्यांनी एक गोलाने सामना जिंकला.

आरडाओरडा ओसरल्यावर पाहतो तो आई आमच्याजवळ नव्हती. ती रेघेपलीकडे जाऊन त्या निळ्या गोलरक्षकाजवळ उभी होती. मुलगी रडत होती. आई तिला हिंदीत सांगत होती, की पहिला फटका तू अडविलास. दुसऱ्या फटक्याला तुझ्याजवळ कोणी नव्हते, त्यात तुझा काय दोष? मुलीने डोळे पुसले. मग बहुधा आजीबाईंची गंमत वाटून तिने आपली स्टिक आईच्या हाती दिली आणि चेंडू पुढे ठेवला.

आईने पदर खोचला. स्टिक दोन्ही हातांनी धरली आणि चेंडू मारला. तो तीन-चार हात जाऊन थांबला. मुली एकदम ओरडल्या, "दादीजी, उलटी साइड! फाउल!" आई गोलट बाजूने खेळली होती. ती हसली, स्टिक फिरवून घेतली आणि पुन्हा मारली. या खेपेस चेंडू बराच लांब गेला. आमची कन्या तो आणावयास धावली. ती चेंडू हातात उचलून घेऊन येईल असे मला वाटले होते. परंतु तिने कोणाची तरी स्टिक मागून घेतली आणि चेंडू खेळवीत आणला, डावीकडे, उजवीकडे, मनगट वळवीत. हे ती कोठे शिकली, हे मी विचारले नाही. विचारावयास मला तोंड नव्हते.

कारण येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्याच वर्षी जूनमध्ये तिने शाळेच्या हॉकीसाठी नाव देण्याची परवानगी मागितली होती. सराव पहाटे सहाला असतो. पुढील वर्ष दहावीचे. मी नाही म्हटले होते.

रात्री मुले झोपल्यावर आईने विचारले, "तिला नाही म्हणालास, तेव्हा कारण काय सांगितलेस?"

"अभ्यास," मी म्हणालो.

"अप्पांनीही मला शेवटी तेच सांगितले होते," आई म्हणाली. ती अधिक काही बोलली नाही. पिशवीतून औषधाची गोळी काढली, पाणी मागितले आणि झोपली.

मी बराच वेळ जागा होतो. काळ पालटला, असे आपण सहज म्हणतो. १९८० साली मॉस्कोत महिलांची हॉकी ऑलिंपिकमध्ये प्रथम आली, तेव्हा आपल्या मुली चौथ्या आल्या. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. २ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत गुरजित कौर हिच्या एका गोलाच्या बळावर त्यांनी ऑस्ट्रेलियाला हरविले, त्या सकाळी घराघरांतून टाळ्या पडल्या. आमच्याही घरी पडल्या. टाळ्या वाजविणारा हात आणि परवानगी नाकारणारा हात एकच होता, हे मात्र त्या दिवसापर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते. दुसऱ्यांच्या मुली जिंकाव्यात आणि आपल्या मुलीने बकुळीखाली बसावे, असा तो हिशेब होता. रस्त्याने काठी घेऊन जाण्याची लाज गेली. तिच्या जागी गुणपत्रिकेची भीती आली.

बाग वाईट, असे मुळीच म्हणावयाचे नाही. त्या सकाळच्या शांततेतच आईला बोलावेसे वाटले, आणि धावून दमलेल्या मुलालाही सावली लागतेच. बाग मुलींची आणि मैदान मुलांचे, ही वाटणी तेवढी मोडली पाहिजे. सहलीच्या एका दिवसात कुटुंबातील प्रत्येकाने दोन्हींकडे जावे; वर्षाच्या उरलेल्या दिवसांतही तसेच व्हावे.

जबलपूरला जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांसाठी थोडी माहिती. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. नागपूरहून सिवनीमार्गे रस्ता चांगला आहे. इटारसीमार्गे रेल्वेनेही जाता येते. भेडाघाटासाठी एक दिवस पूर्ण ठेवावा आणि सिव्हिल लाइन्स, भँवरताल व संग्रहालय यांसाठी दुसरा. संग्रहालय सोमवारी उघडे असते किंवा कसे, हे आधी विचारून घ्यावे, म्हणजे हेलपाटा पडणार नाही. वृद्ध माणसे बरोबर असल्यास सकाळचा वेळ बागेत आणि दुपारचा मैदानावर असा क्रम ठेवावा. उन्हे उतरताना बसण्यास चादर आणि अंगावर शाल जवळ असावी. कोणत्याही गावी गेलात तरी तेथील लोकांना एवढे अवश्य विचारा, की आज येथील मैदानावर काय आहे. तिकीट नसलेला सामना बहुधा सर्वांत रंगतो.

नागपूरला परतल्यावर पहिल्याच सोमवारी मी शाळेच्या कागदावर सही केली. कन्येची अजून संघात निवड झालेली नाही. ती राखीव खेळाडूंत आहे. पहाटे तिला उठविण्याचे काम आईने आपणहून घेतले आहे. भिजविलेले हरभरे आणि दूध तिच्यासमोर ठेवून ती फाटकापर्यंत पोहोचवावयास जाते, आणि नात काठी खांद्यावर टाकून रस्त्याच्या वळणाआड जाईपर्यंत तेथेच उभी असते.